आधी नाक दाखवा!

आमच्या अंगणात कुणी तासभर बसलं की जाताना दोन-तीन किस्से घेऊनच उठतं. लोकांकडे साहेबांचे किस्से असतात, लग्नातल्या रुसव्याफुगव्यांचे असतात. आमच्याकडचे सगळे सर्दीचे! कोण शिंकलं, कुणी शिंक गिळली, कुणाला फाटकावरून परत पाठवलं. एक सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येतो, आणि माझी बायको शालिनी आतून ओरडते, "पुरे करा आता, दम लागन!" दम लागण्याचीच तर ही सगळी भानगड आहे.

नव्या माणसासाठी थोडक्यात सांगतो. मी तुमसरचा, राइस मिलवाला. पन्नाशीच्या आतच माझी फुप्फुसं आखडून कडक झाली. कोंड्याच्या धुळीने झाली असतील किंवा नसतीलही, डॉक्टरांनी दोन्ही सांगितलं. शेवटी चेन्नईला जाऊन दुसऱ्याची फुप्फुसं बसवून आणली. शरीराला ती परकी वाटतात. त्याने त्यांच्यावर धावून जाऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ ठरल्या ठोक्याला गोळ्या. पण या गोळ्यांनी होतं काय, की अंगातले सगळे पहारेकरीच झोपी जातात. मग बाहेरून कुणीही यावं आणि घरात शिरावं! निघताना तिथले डॉक्टर म्हणाले, "बाकी सब ठीक है. बस, जुकाम मत होने देना. दूसरों का जुकाम रूमाल में जाता है, आपका सीधा आईसीयू में."

मी घाबरलो. शालिनी घाबरली नाही. ती म्हणाली, "अंदरचे पहारेकरी झोपले न? मंग आपन बाहेर एक बसवू!"

आणि तिने फाटकावर नत्थूजींना बसवलं.

* * *

नत्थूजी मोहाडीजवळच्या एका खेड्यातले. आमच्या मिलमध्ये तीस वर्षं त्यांचं एकच काम, आलेलं धान तपासायचं. पोत्यात परखी खुपसायची, म्हणजे ती टोकदार लोखंडी नळी, मूठभर दाणे बाहेर काढायचे, एक दाताखाली धरायचा आणि निकाल द्यायचा. "सुका" नाहीतर "ओला". ओला माल आत येत नसे, मग तो माझ्या सासऱ्यांच्या शेतातला का असेना. पुढे आम्ही ओलावा मोजायचं यंत्र आणलं. नत्थूजी आधी निकाल सांगायचे आणि मग यंत्राला विचारायचे. यंत्र चुकलं तर मोठ्या मनाने त्याला माफ करायचे.

डॉक्टरांनी मला मिलची पायरी चढायलाच मनाई केली होती. मिल धाकट्या भावाकडे गेली आणि नत्थूजींची बदली माझ्या घरी झाली. शालिनीने त्यांना सगळं नीट समजावलं. सर्दीवाला एकही माणूस आत येता कामा नये. आला, तर भाऊंच्या, म्हणजे माझ्या, जिवावर बेतेल. नत्थूजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग थोडं संकोचून एकच शंका विचारली.

"वैनी, चावाचं त नाही न जी?"

* * *

चावायचं नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. माणूस फाटकाशी आला की पहिला शब्द, "आधी नाक दाखवा." नमस्कार नाही, चमत्कार नाही. मग दोन हात लांबून, मान तिरपी करून, उजेडाकडे वळवून नाक तपासायचं. निकाल सुका असला तर फाटक उघडायचं. ओला असला तर सरळ परत. आणि शंका असली तर ऊन!

आमच्या अंगणात सिमेंटचा मोठा ओटा आहे. मिलवर ओलसर धान आम्ही पटांगणात पसरून वाळवतो, मध्येमध्ये पायाने फिरवतो, वाळलं की पुन्हा तपासतो. नत्थूजींनी माणसांनाही तोच नियम लावला. शंकास्पद माणसाला अर्धा तास ओट्यावर उन्हात बसवायचे. पंधरा मिनिटं झाली की आवाज द्यायचे, "आता पाठ करा!" माणूस बिचारा मुकाट्याने फिरून बसे. मी खिडकीतून हे सगळं बघायचो. घरात कोंडलेल्या माणसाला एवढी करमणूक फार झाली.

एकदा तालुक्यातले एक पुढारी आले. हार, शाल, बरोबर चार कार्यकर्ते. पुढाऱ्यांचं नाक संशयास्पद निघालं. नत्थूजींनी त्यांना ओट्यावर बसवलं, अर्धा वेळ झाल्यावर पाठ करायला लावली, पुन्हा तपासलं आणि मान हलवली. पुढारी भडकले. "मी कोन आहो ते मालूम आहे का तुले?"

नत्थूजी हात जोडून म्हणाले, "मालूम आहे न जी. शेतकरी चांगला आहे. माल ओला आहे."

* * *

नागपूरला तपासणीला गेलो तेव्हा मी ही सगळी व्यवस्था मोठ्या अभिमानाने डॉक्टरीणबाईंना सांगितली. वयाने माझ्या भाचीएवढी मुलगी. आधी पोट धरून हसली. मग गंभीर झाली.

"काका, उन्हात बसवून विषाणू जात नसतो. आणि नाक वाहायच्या एक-दोन दिवस आधीच माणूस दुसऱ्याला सर्दी देऊन मोकळा होतो. तुमच्या नत्थूजींना ती दिसणार कशी?"

शालिनीने येऊन हे नत्थूजींना सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. तीस वर्षांत त्यांना न दिसणारा ओलावा भेटला नव्हता. बराच वेळ ते ओट्याकडे बघत बसले. "म्हंजे सुका दिसते तोही ओला राहू शकते?" हे त्यांनी दोनदा विचारलं. त्या दिवसापासून ऊन बंद. आता सगळ्यांना मास्क, साबणाने हात धुणं, आणि बोलणं बाहेरूनच, खिडकीतून. ओटा रिकामा पडला.

शिवाय डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आजूबाजूच्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्यायची. नत्थूजी सुईला वाघाला घाबरावं तसे घाबरतात. "बिमार भाऊ आहेत, त सुई मले काहून?" त्यांना दोघांनी धरलं, तिसऱ्याने टोचलं. पण एकदा स्वतः टोचून घेतल्यावर त्यांनी गल्लीत कुणालाच सोडलं नाही. दूधवाला, भाजीवाली, पूजेला येणारे गुरुजी, सगळ्यांना घेऊन गेले. मिलमध्ये पास झालेल्या पोत्यावर खडूने फुली मारतात. नत्थूजींनी लस घेतलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर फुली मारली!

गुरुजी ती फुली घेऊन दिवसभर तुमसरात फिरले. तीन घरी पूजा सांगितली, एका साखरपुड्याला जेवले. संध्याकाळी त्यांच्या बायकोने विचारलं तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण सकाळपासून पास झालेलो आहोत.

* * *

भेटायला येणाऱ्यांना सर्दीपेक्षा फुप्फुसांचं कुतूहल जास्त. कुणाची होती, केवढी असतात, बसवताना सैल तर नाही झाली? आमच्या गल्लीतले एक आजोबा खिडकीशी येऊन फार वेळ माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "दिवाकर, मद्रासचे आहेत म्हनते?"

"हाव आजोबा."

"मंग आता खोकला कोनत्या भाषेत येते?"

मी म्हटलं, "अजून आला नाही, आला की सांगतो." पण ती फुप्फुसं कुणाची होती हे मला माहीत नाही, कधी सांगतही नाहीत. कुणाच्या तरी घरच्यांनी आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी माझ्यासाठी हो म्हटलं, एवढंच मला ठाऊक. त्या घरासाठी मी रोज सकाळी हात जोडतो. सर्दीला मी भितो त्यात माझ्या जिवाची भीती आहेच, पण निम्मी भीती ही आहे की एवढी मोठी गोष्ट हातात दिली आणि याने एका शिंकेत घालवली, असं व्हायला नको.

* * *

रोज सकाळी मी एका छोट्या यंत्रात फुंकतो. फुंकर किती जोरात आहे त्याचा आकडा येतो. आकडा खाली गेला तर समजायचं, आत काहीतरी बिघडलं. शालिनी आकडा वहीत लिहिते आणि खिडकीतून फाटकाकडे ओरडते, "बराबर!" नत्थूजी हात वर करतात. मग समोरचा किराणावाला हात वर करतो. मग गल्लीचा दिवस सुरू होतो.

नत्थूजी स्वतः मात्र घरात कधीच आले नाहीत. चहासुद्धा फाटकावरच. "माह्या कपड्याले रस्त्याची हवा लागून राह्यते," हे त्यांचं कारण. आमच्या गप्पा अंगण ओलांडून, मोठ्याने ओरडून. आमच्या घरची सगळी गुपितं गल्लीला माहीत आहेत ती त्यामुळेच.

एकदा सकाळी फाटकावर कुणीच नव्हतं. शालिनी घाबरून बाहेर आली. नत्थूजी रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली उभे. तिने विचारलं, "काय झालं जी?"

ते तिकडून ओरडले, "रात्री दोन शिंका आल्या! मी मले वापस पाठवून राहिलो!"

आणि गेले. आठ दिवस आले नाहीत. नवव्या दिवशी आले ते स्वतःच्या सदऱ्यावर खडूने फुली मारून.

* * *

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. हा किस्सा मी शालिनी घरात नसताना सांगतो.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. पाहुणेरावळे येतात, दुकानं लागतात, रात्री दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ होतो. माझी थोरली बहीण कोंढ्याला दिलेली. लहानपणापासून तिच्या गावची मंडई मी चुकवली नव्हती. आजारपणात दोन वर्षं चुकली. तिचा फोन आला. "भाऊबीजेले नाही आला, मंडईले तरी ये रे. तुले पाह्यलं नाही त मले जेवन जात नाही."

मी घरात कोंडून कोंडून वैतागलो होतो. खिडकीतून जग बघून बघून माझा पिंजऱ्यातला पोपट झाला होता. योग असा की मंडईच्या दिवशी शालिनीला भंडाऱ्याला एका साखरपुड्याला जायचं होतं. मी आदल्या दिवशीच गाडी धुवायची म्हणून मागच्या गल्लीत लावून ठेवली. सकाळी शालिनी पुढच्या फाटकातून गेली. मी दोन मास्क एकावर एक चढवले, कानटोपी ओढली आणि मागच्या दाराने सटकलो!

ठरवलं होतं की गाडीतूनच बघायचं. काच वर, मास्क वर, लांबूनच ताईला हात करायचा आणि परत. पण कोंढ्यात शिरलो, माणसांचा गलका ऐकला, उकडलेल्या शिंगाड्यांचा वास दोन मास्कमधून आत आला, आणि माझे पाय आपोआप खाली उतरले. ताई धावतच आली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मास्क काढ न रे, तोंड तरी पाहू दे!"

काढला. खोटं कशाला बोलू? तिने शिंगाडे सोलून मला भरवले. कुणी माझं नाक तपासलं नाही, कुणी माझा दम मोजला नाही. दोन वर्षांत तेवढा सुखाचा तास मला मिळाला नव्हता.

चारच्या आत मी मागच्या दाराने घरात. तोंड धुतलं, चादर ओढून खिडकीशी बसलो. नत्थूजींनी फाटकावरून आवाज दिला.

"भाऊ! झोप झाली काय चांगली?"

"हाव, झाली."

"आज मंडईचे पाहुने लय होते. सहा जनायले वापस पाठवलं. म्हटलं, भाऊ झोपले आहेत, कोनाले येऊ देनार नाही!"

* * *

चौथ्या दिवशी सकाळी नाक वाहू लागलं. पाचव्या दिवशी आकडा घसरला. शालिनीने वही बघितली, पुन्हा फुंकायला लावलं, आणि खिडकीत गेली, पण तिच्या तोंडून "बराबर" निघेना. नत्थूजींचा हात अर्धा वर जाऊन तसाच राहिला.

त्याच दिवशी नागपूर. नाकातून नमुना घेतला. डॉक्टरीणबाईंनी विषाणूचं इंग्रजी नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "लहान मुलांना होते ती साधी सर्दी आहे, काका. पण तुमच्यासाठी साधी नाही." ऑक्सिजन लागला. सलाईन लागली. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, संपलं. गमतीने सांगतोय, पण त्या दिवशी गंमत नव्हती. मी दुसऱ्याच्या फुप्फुसांना मनातल्या मनात सांगत होतो, माझी चूक आहे, तुमची नाही.

डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा विचारत, "आजारी असलेलं कोण जवळ आलं होतं?" शालिनी म्हणे, कुणीच नाही. आणि बाहेर नत्थूजी. ते एसटीने नागपूरला आले होते. आत येऊ देत नव्हते, तर व्हरांड्याच्या टोकाला उभे. त्यांनी फाटकाची किल्ली शालिनीच्या हातात ठेवली.

"वैनी, माह्या नजरेतून एक ओला सुटला. आता हे काम माह्यानं होनार नाही."

आणि ते गावी निघून गेले. शालिनीने हे मला सांगितलं तेव्हा माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलता येत नव्हतं. मी खुणेने कागद मागितला आणि लिहिलं, "कोंढा. मंडई. मीच गेलो."

तिने वाचलं. परत वाचलं. कागदाची नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. "आधी बरे व्हा," ती म्हणाली, "मंग बोलतो." देवाशपथ सांगतो, त्या क्षणी मला बरं व्हायचीच भीती वाटू लागली!

तिने व्हरांड्यातून दोन फोन केले. पहिला ताईला. ताई तिकडे रडत सुटली. "सकाळपासून घसा खवखवत होता व. पन सांगतलं असतं त तो आलाच नसता." दुसरा फोन नत्थूजींना. सगळी हकीकत सांगितली. पलीकडून फोन कट.

* * *

मी बरा झालो. पूर्ण नाही. आकडा पहिल्या जागेवर काही आला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं गेलं, बरंच वाचलं. आता जपा." गाडीत शालिनी तुमसरपर्यंत बोलली, आणि मी ऐकलं. तो किस्सा सांगण्यासारखा नाही.

माझं लक्ष मात्र एकाच गोष्टीत अडकलं होतं. फाटकावर कुणी असेल का? मी ज्या माणसाला रिकाम्या घराचा पहारा करायला लावला, तो परत कशाला येईल? गाडी गल्लीत वळली तेव्हा मी समोर बघायचंच टाळलं.

गाडी थांबली. फाटक बंद होतं. फाटकाशी स्टूल होतं आणि स्टुलावर नत्थूजी होते.

मी उतरलो. ते उठले, पण फाटक उघडलं नाही.  "नत्थूजी," एवढंच म्हणालो.

"आधी नाक दाखवा."

"अहो, मी आहो न!"

"दाखवा."

मी मास्क खाली ओढला. ते दोन हात लांब उभे राहिले, मान तिरपी केली, मला उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ बघितलं.

"ओला आहे," ते म्हणाले.

शालिनी मागून ओरडली, "अहो नत्थूजी, घर त्याईचंच आहे!"

"म्हनूनच म्हनतो न जी, वैनी. अंदर भाऊ राह्यते."

मी म्हणालो, "आता तुमी दाखवा."

त्यांनी जरा वेळ लावला. मग आपला मास्क खाली केला. मी मान तिरपी केली, उजेडाकडे वळवलं, पाहिलं. नाक सुकं होतं, डोळे नव्हते.

"ओला," मी निकाल दिला.

त्यांनी तो मान्य केला. फाटक उघडलं, ओट्यावर दोन खुर्च्या लांब लांब टाकल्या. ओटा स्वच्छ झाडलेला होता. थंडीच्या दिवसांतलं सकाळचं कोवळं ऊन होतं. शालिनी "बसा आता दोघं!" म्हणत पिशव्या घेऊन आत गेली. आम्ही बसलो.  समोरचा किराणावाला दुकान सोडून रस्त्यावर येऊन बघत उभा राहिला.

पंधरा मिनिटं झाली असतील. नत्थूजींनी वर सूर्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले,

"भाऊ, आता पाठ करा."